वाचक विचारतात: वेबसाइटचा बॅकअप

प्रश्न: पंचवटीत आमचं यात्री निवास आहे. बुकिंग वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेल्या वेबसाइटवर होतं. होस्टिंगवाले (ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे ते) रोज बॅकअप घेतात. मग आपण वेगळा घ्यायचा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: घ्यायचाच. त्यांचा बॅकअप बहुधा त्यांच्याच ताब्यात असतो. खातं बंद पडलं किंवा हॅक झालं तर साइटबरोबर तोही हातचा जाऊ शकतो.

साइटचे भाग दोन. फोटो, थीम (साइटची सजावट), प्लगइन (जादा सोयींचे जोड) ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये असतात. मजकूर आणि (बहुतेक प्लगइनमध्ये) बुकिंग डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात. नुसत्या फाइल उतरवल्या तर साइटचा सांगाडाच हाती लागतो. सीपॅनेलमधल्या (होस्टिंगच्या नियंत्रण पानावरच्या) पीएचपी-माय-अ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात डेटाबेस निवडा, ‘एक्स्पोर्ट’ करून एसक्यूएल फाइल (डेटाबेसची प्रत) उतरवा. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलही घ्या, साइट डेटाबेसला जोडायची माहिती तिच्यात असते. परत चढवताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा, चुकीचा निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

बुकिंग रोज येत असेल तर डेटाबेस रोज, फाइल आठवड्याला. एक प्रत क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर. डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही कुलूप लावू शकतं. आणि गोदाकाठच्या तळमजल्यावर नको, पुराचं पाणी सांगून येत नाही. सिडकोतल्या नातेवाइकांकडे ठेवा.

सिंहस्थाच्या गर्दीआधी एकदा सबडोमेनवर (तुमच्याच साइटच्या नावाखालच्या वेगळ्या पत्त्यावर) तो बॅकअप चढवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल तेव्हाच कळते.