नाशिकच्या प्रदर्शनात घेतलेल्या दगडातलं सरळ कवच नव्या प्रजातीचं आहे, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये एका प्रदर्शनात काळा, गुळगुळीत पॉलिश केलेला दगड घेतला. त्यात गाजरासारखं निमुळतं पांढरं कवच आहे, त्यावर आडव्या रेघा आहेत आणि नेटवरच्या कुठल्याच फोटोशी ते जुळत नाही. मग ही नवी प्रजाती म्हणून जाहीर करता येईल का, आणि तिला आजोबांचं नाव देता येईल का?

आजोबांचं नाव देता येतं. पण या दगडावरून बहुधा नाही, आणि त्याचं कारण दगडाच्या दिसण्यात नाही. तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही, अडचण तिथे आहे.

आधी एक शंका दूर करतो. हा दगड आपल्याकडचा नाही. नाशिकखाली जो काळा पाषाण आहे तो लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडतात (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जरूर बघा), पण समुद्री कवचं नाहीत. शिवाय तुमच्या दगडातल्या प्राण्याचे सरळ कवचाचे बहुतेक भाऊबंद २० कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक नावाचा भूशास्त्रीय काळ संपता संपता, नाहीसे झाले होते.

वर्णनावरून हा मोरोक्कोतल्या एरफूद भागातला चुनखडीचा दगड वाटतो. तो डेव्होनियन काळातला, म्हणजे ३६ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. बाजारात त्याला सरसकट ‘ऑर्थोसेरास’ म्हणतात. हे वंशनाम १७८९ सालचं, आणि शे-दीडशे वर्षं जे जे सरळ दिसेल ते या नावाखाली टाकलं गेलं. आज अभ्यासक ते नाव बाल्टिक भागातल्या ऑर्डोव्हिशियन (डेव्होनियनच्याही आधीच्या काळातल्या) खडकांतल्या मोजक्या जीवाश्मांपुरतंच वापरतात. म्हणजे विक्रेत्याने सांगितलेलं नाव चुकीचं असेल, पण त्यामुळे प्रजाती नवी ठरत नाही.

फोटोशी न जुळण्याचं कारणही साधं असू शकतं. गाजर तिरकं कापलं की चकती लांबट येते, कडेने कापलं तर मधला दांडा दिसतच नाही. पॉलिश करणारा कारागीर दगड छान दिसेल असा घासतो, प्राण्याचा मध्य शोधत नाही. शिवाय काही तुकडे जोडून, कोरून तयार केलेले असतात.

खरी ओळख आत असते. हे प्राणी आजच्या नॉटिलसचे (गुंडाळलेल्या कवचाचा समुद्री प्राणी), माखलीचे, अष्टपादाचे नातेवाईक. तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल तर त्यातला अमोनाइट हा याच मोठ्या कुळातला, फक्त गुंडाळलेला. सरळ कवचात पडद्यांनी कप्पे केलेले असतात आणि सगळ्या कप्प्यांतून एक नळी जाते, तिला सायफंकल म्हणतात. ती मधोमध आहे की कडेला, पडद्याची कॉलर तिच्याभोवती सरळ उतरते की बाहेर वळते, दोन पडद्यांमधला तिचा भाग सरळ आहे की मण्यासारखा फुगलेला, कप्प्यांत आणि नळीत प्राण्याने स्वतः चुना साठवला होता का, हे सगळं बघावं लागतं. हा चुना म्हणजे तोल राखणारं वजनच. कप्प्यांतल्या हवेने हलकं झालेलं कवचाचं निमुळतं टोक वर जाऊ नये, कवच पाण्यात आडवं राहावं म्हणून. मला या प्राण्यांमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

एम.एस्सी.ला असताना एका मित्राने स्पितीहून अंगठ्याएवढा जाड तुकडा आणून दिला होता. मी तो घाईने लांबीत कापला. पातं मधल्या रेषेवरूनच गेलं, आणि नळी इतकी बारीक होती की पात्याच्या जाडीतच तिची पूड झाली. दोन अर्ध्या भागांवर पडदे स्पष्ट होते, पण ओळख पटवायला हवं ते काहीच उरलं नव्हतं. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो: आधी एका टोकाला आडवा काप घ्या, नळी कुठे आहे ते बघून रेघ मारा, कापणी त्या रेघेच्या बाजूला ठेवा आणि उरलेलं कार्बोरंडमच्या (घासकामाच्या कठीण) पुडीवर हाताने घासत या.

मग मापं येतात. कवच किती अंशांनी रुंदावतं, व्यासाएवढ्या लांबीत किती कप्पे बसतात, बाहेर कड्या आहेत की उभ्या रेघा. हे एका नमुन्यावर भागत नाही, कारण पिल्लू आणि प्रौढ यांत फरक पडतो. प्रौढाचे शेवटचे कप्पे बऱ्याचदा दाटीने येतात. त्यानंतर जुनं वाचन. १९व्या शतकात योआखिम बारांद या फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञांनी प्राग परिसरातल्या अशा सरळ कवचांचं एवढं वर्णन करून ठेवलंय की आपली ‘नवी’ प्रजाती त्यांच्या फ्रेंच ग्रंथात आधीच सापडू शकते. आणि आधीचं नाव असेल तर तेच चालतं.

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत पदवीची अट नाही. पण वर्णन रीतसर प्रसिद्ध व्हावं लागतं. इथे उत्तरात किंवा फेसबुकवर टाकलेलं धरत नाहीत. केवळ ऑनलाइन नियतकालिक असेल तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदही लागते. इतर प्रजातींपेक्षा वेगळेपण कशात आहे ते सांगावं लागतं आणि एक नमुना होलोटाइप (ज्यावर प्रजातीचं नाव कायमचं टेकतं तो नमुना) म्हणून ठरवून तो कोणत्या संग्रहात आहे हे लिहावं लागतं. म्हणून ज्या दगडामुळे आजोबांचं नाव लागेल, तो तुमच्या शोकेसमध्ये राहणार नाही. कुठल्या थरातून, कुठल्या गावाजवळून तो काढला ही चिठ्ठीही त्याच्यासोबत हवी. तुमच्या दगडाकडे ती चिठ्ठीच नाही, आणि ती मागाहून तयार करता येत नाही.

नावाचं व्याकरण मात्र सोपं आहे. आजोबा गोविंद असतील तर प्रजातीचं नाव ‘गोविंदी’.

सध्या एवढं करा: दगड ओला करून, शेजारी पट्टी ठेवून, समोरून आणि दोन्ही टोकांकडून फोटो काढा आणि इथेच टाका. टोकाला नळीचं गोल तोंड दिसत असेल तर वंशापर्यंत तरी पोचता येतं का ते मी बघतो. कापू मात्र नका.