शॉकमधल्या रुग्णाला बलून पंप का लावला नाही?

प्रश्न : हृदयविकाराच्या झटक्यानंतर माझ्या ६४ वर्षांच्या वडिलांचे बीपी लागत नव्हते आणि हातपाय गार पडले होते. डॉक्टरांनी 'कार्डिओजेनिक शॉक' असे सांगून तातडीने एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला. मात्र इतर दोन ब्लॉकेज तसेच ठेवले, बलून पंपही (हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारे फुग्याचे उपकरण) लावला नाही. तिसऱ्या दिवशी वडील गेले. उपचारांत कसूर झाली का?

उत्तर : आपण लिहिलेल्या हकिकतीत मला कसूर दिसत नाही. कार्डिओजेनिक शॉकमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याचा मोठा भाग निकामी झाल्याने रक्त पुढे ढकलले जात नाही; त्वचा थंड व घामट होते, लघवी कमी होते आणि दाब कमी झाल्याने खुद्द हृदयालाच रक्त अपुरे पडून ते आणखी दुबळे होते. हे दुष्टचक्र तोडण्याचा सर्वांत भक्कम उपाय म्हणजे बंद पडलेली रक्तवाहिनी लवकर उघडणे. १९९९च्या एका चाचणीत अशा रुग्णांपैकी सहा महिन्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे ६३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले. आपल्या वडिलांसाठी नेमके हेच केले गेले, पण इतके करूनही जवळजवळ निम्मे रुग्ण हातचे जातात, हे लिहिताना मलाही जड जाते.

उरलेल्या ब्लॉकेजविषयी आपल्याला वाटणारी रुखरुख स्वाभाविक आहे. तथापि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत, सगळ्या वाहिन्या एकाच बैठकीत उघडलेल्या रुग्णांपैकी ५५ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले किंवा त्यांना डायलिसिस लागले. झटक्याला कारणीभूत ठरलेली वाहिनीच आधी उघडली, तेव्हा हे प्रमाण ४६ टक्के होते. लांबलेली प्रक्रिया आणि जादा डाय (एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचा द्रव) अशा नाजूक वेळी शरीराला सोसत नाही.

बलून पंप पूर्वी सर्रास लावत, परंतु २०१२च्या ६०० रुग्णांच्या जर्मन चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आता तो मुख्यतः हृदयाचा पडदा फाटणे किंवा झडप तुटणे अशा प्रसंगी, शस्त्रक्रियेपर्यंत तग धरण्यासाठी वापरतात. तसे काही झाले होते का, हे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसते. तेव्हा केसपेपरमधील इकोचा अहवाल घेऊन आपण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा शांतपणे भेटावे.