तिसऱ्या वर्षाकडून किती मागावं?

प्रश्न : दोन वर्षं अमेरिकेत, लिंकनला नेब्रास्का विद्यापीठात शिकून मी नागपूरला परतलो. आजही शनिवारी रात्री साडेनऊला, कधी रविवारी पहाटे पाचला उठून हस्कर्सचा, म्हणजे विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना पाहतो. नोव्हेंबर 2022 मध्ये मॅट रूल मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा वाटलं, दिवस पालटले. पहिल्या मोसमात 5 विजय, 7 पराभव. दुसऱ्यात 7 विजय, 6 पराभव. आता 2025 चा तिसरा मोसम येतोय, आणि टेम्पल आणि बेलर या विद्यापीठांच्या संघांना त्यांनी तिसऱ्याच वर्षी 10 आणि 11 सामने जिंकून दिले होते. बाबा म्हणतात, "चंद्रकांत पंडित आले अन् पहिल्याच वर्षी विदर्भानं रणजी जिंकली. तुझा कोच काय करून राहिला?" मी किती आशा ठेवू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण नोकरीनिमित्त मीही लिंकनला होतो. 2003 च्या नोव्हेंबरात तेव्हाचे प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढलं, तेव्हा संघाने 9 सामने जिंकलेले होते. आणि मला ते बरोबर वाटलं होतं! त्यांच्या आधीचे प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी 1994, 1995 आणि 1997 ची राष्ट्रीय विजेतेपदं आणलेली; त्या सवयीत 9 म्हणजे अपयश वाटायचं. पुढच्याच मोसमात 5 विजय, 6 पराभव. 1961 नंतर प्रथमच पराभव जास्त झाले. तेव्हाच्या माझ्या मताचं मला आजही वाईट वाटतं.

बाबांचा मुद्दा मात्र बाजूला सारू नका. 2017-18 ची ती रणजी आपण नागपूरकर विसरणार नाही. पंडितांनी शिस्त आणली, जिंकता येतं हा विश्वास दिला. पण फैज फजल वर्षानुवर्षं विदर्भाकडून खेळत होता, सोबतीला वसीम जाफर होता, आणि अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी काही त्या एका मोसमात घडला नव्हता. पंडितांना पेरलेलं शेत मिळालं. रूल यांना काय मिळालं? 2021 मध्ये 9 सामने हरलेला संघ, आणि त्यातला एकही पराभव 9 पेक्षा जास्त गुणांनी नाही. म्हणजे खेळता येत होतं, पण शेवटच्या क्षणी पाय लटपटायचे. हा आजार नवीन डावपेचांनी लगेच जात नाही.

टेम्पल-बेलरचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. 2021 पासून खेळाडू एक वर्ष बाहेर बसायची सक्ती न पाळता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो, आणि स्वतःच्या नावावर पैसेही कमावू शकतो. दोन वर्षं घडवलेला पोरगा तिसऱ्या वर्षी समोरच्या संघात दिसू शकतो. त्यात नेब्रास्का ज्या बिग टेन गटात खेळतो, त्यात 2024 पासून 18 संघ. दहा विजयांचा हट्ट धरलात, तर सप्टेंबरातल्या पहिल्या पराभवालाच तुम्ही रूल यांच्यावर रागवाल.

माझी अपेक्षा आठ विजयांची आहे. 2016 नंतर थेट 2024 मध्ये हा संघ बोल सामन्यापर्यंत, म्हणजे मोसमाअखेर निवडक संघांना मिळणाऱ्या जादा सामन्यापर्यंत, पोहोचला आणि बोस्टन कॉलेजला 20-15 असं हरवलं. त्या रात्री माझे डोळे भरून आले होते, हे खरं सांगतो.

पण मला विजयांच्या आकड्यापेक्षा शेजारच्या आयोवाविरुद्धचा सामना महत्त्वाचा वाटतो. 2023 मध्ये 13-10, 2024 मध्ये पुन्हा 13-10, आणि दोन्ही वेळा शेवटच्या किकवर हरलो. हे पोरं त्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू जपून ठेवायला शिकले की नाही, ते बघा. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या दुसऱ्या दिवशी तो सामना असतो, आपल्याकडे शुक्रवारची रात्र किंवा शनिवारची पहाट. बाबांनाही शेजारी बसवा.