इफ-एल्सचा डोंगर झालाय, आता प्लगइन करू का? वाचकांचे प्रश्न

गेल्या काही दिवसांत प्लगइन पद्धतीने, म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडता येणाऱ्या छोट्या तुकड्यांनी, सॉफ्टवेअर कसं बांधायचं यावर बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यात बाकीच्यांची बरीच उत्तरं येऊन जातात.

प्रश्न (संगमनेर): सर, मी दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर करून देतो. सुरुवात एका संस्थेपासून झाली, आता गिऱ्हाइकं वाढलीत. प्रत्येकाचं फॅट-एसएनएफचं (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मशीन वेगळ्या कंपनीचं, काटा वेगळा, रेट चार्ट वेगळा, कपाती वेगळ्या. कोडमध्ये "ही संस्था असेल तर असं, ती असेल तर तसं" एवढंच उरलंय, एका जागी हात लावला की दुसरीकडे बिल चुकतं. सगळं प्लगइन पद्धतीने नव्याने लिहू का?

उत्तर: सगळं नव्याने अजिबात लिहू नका. या सॉफ्टवेअरवर दर दहा दिवसांनी लोकांचा दुधाचा पगार निघतो, ते चालू ठेवूनच एकेक भाग बाहेर काढायचा.

पण त्याआधी एक वेगळं काम करा. तुमच्या त्या सगळ्या इफ-एल्सची, म्हणजे "असेल तर असं, नाहीतर तसं" अटींची, यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, हा फरक आकड्यांचा आहे की वागण्याचा. रेट चार्ट बघा ना, गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला अमुक दर, त्यापुढे पॉइंटला इतके वाढ, खाली आलं की इतके कमी, हे सगळं टेबलमध्ये बसतं, त्याला कधीपासून लागू ती तारीख लावली की झालं, त्यासाठी प्लगइन कशाला? मी पाहिलेल्या अशा कोडमध्ये निम्म्याहून जास्त अटी नुसत्या सेटिंगच्या निघतात. त्या आधी डेटाबेसमध्ये ढकला म्हणजे डोंगर एकदम खाली येईल आणि उरेल ते खरं प्लगइनचं काम.

मशीन मात्र खरं प्लगइनचं गिऱ्हाईक आहे, कारण प्रत्येक ॲनालायझर वेगळ्या पद्धतीने बोलतो, एक सिरीयल पोर्टवर ओळ फेकतो, दुसरा विचारल्याशिवाय काहीच देत नाही, तिसरा फॅट आणि एसएनएफ उलट्या क्रमाने पाठवतो. इथे करार ठरवायचा, म्हणजे मूळ प्रोग्राम मशीनच्या प्लगइनला काय विचारणार आणि ते काय परत देणार. माझ्या मते करार इतकाच हवा: "नमुना वाच" म्हटलं की फॅट, एसएनएफ आणि वेळ द्यायची, नाहीतर काय बिघडलं ते सांगायचं. बस. बॉड रेट (पोर्टवरचा वेग), पोर्ट नंबर यातलं काहीही करारात आणू नका, ते ज्याच्या त्याच्या पोटात राहू दे. नाहीतर उद्या ब्लूटूथवाला ॲनालायझर आला की तो बिचारा पोर्ट नंबर म्हणून काय देणार, आणि तुम्हाला करार बदलावा लागेल, आणि करार बदलला की सगळीच प्लगइनं बदलावी लागतात. प्लगइन पद्धतीत सगळ्यात महाग गोष्ट हीच आहे, गाभ्यातला, म्हणजे मूळ प्रोग्राममधला, कोड तुम्ही रोज बदलू शकता पण करार एकदा दुसऱ्यांच्या हातात गेला की तो तुमचा राहत नाही.

म्हणून करार लिहिताना एकच मशीन डोळ्यासमोर ठेवू नका. एका मशीनवरून लिहिलेला करार त्या मशीनचंच वर्णन असतो, दुसरं आलं की थोडा सुधारतो आणि तिसरं त्यात न कुरकुरता बसलं तर समजायचं आता जमलं. तुमच्याकडे तर चालू असलेली वेगवेगळी मशीनं आहेत, ही मोठी श्रीमंती आहे. त्यातली सगळ्यात विचित्र वागणारी दोन आधी घ्या. आणि आणखी एक प्लगइन लिहा, खोट्या मशीनचं, जे फाइलमध्ये साठवलेली जुनी रीडिंग एकामागोमाग देतं आणि मधेच मुद्दाम वायर निघाल्यासारखं वागतं. घरी बसून सगळं टेस्ट करता येईल, केंद्रावर सकाळी सहाला रांगेसमोर उभं राहून डीबग करावं लागणार नाही.

आता एक गोष्ट मी फार जोर देऊन सांगतो. हिशोब प्लगइनच्या हातात देऊ नका. एखाद्या संस्थेचा दराचा नियम खरंच टेबलात बसत नसेल, म्हणजे लिटरवर वाढीव दर, सणाचा बोनस वगैरे, तर त्याचं प्लगइन करा, पण त्याने फक्त दर सुचवायचा. गुणाकार, राउंडिंग, खात्यात नोंद, पशुखाद्याची कपात हे सगळं गाभ्यानेच करायचं, प्लगइनला डेटाबेसचं कनेक्शन मिळताच कामा नये. आणि प्रत्येक पावतीसोबत कोणतं प्लगइन, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेचा रेट चार्ट हे साठवा. सहा महिन्यांनी एखादा सभासद जुनं बिल घेऊन आला तर तेच बिल तसंच्या तसं निघालं पाहिजे, मधल्या काळात प्लगइन सुधारलं म्हणून त्याचे दहा रुपये इकडे-तिकडे झाले असं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मोठ्या लोकांनी हे कसं केलं ते बघायचं असेल तर एक्लिप्स हे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर बघा. आयबीएमने ते नोव्हेंबर २००१ मध्ये खुलं केलं, त्यात जावाचा एडिटर, कंपायलर, डीबगर ही त्यांची स्वतःची मुख्य साधनंसुद्धा प्लगइन म्हणूनच बसवलेली आहेत, बाहेरच्यांना दिलेल्याच दारातून. त्यामुळे दार अरुंद असेल तर आधी त्यांनाच लागतं. दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्येक प्लगइनसोबत एक छोटी माहिती-फाइल असते, मी मेनूत काय घालतो, मला काय लागतं, आणि एक्लिप्स सुरू होताना ती फाइल वाचतं, प्लगइनचा कोड गरज पडली तरच लोड करतं. तुमच्या केंद्रावरच्या जुन्या कॉम्प्युटरना हे नक्की उपयोगी पडेल.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट, कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते फ्रॅपे नावाच्या फ्रेमवर्कवर चालतं आणि त्यात प्रत्येक ॲपची एक हुक्स फाइल असते, तिच्यात लिहायचं की सेल्स इन्व्हॉइस सबमिट झालं की माझं हे फंक्शन चालव. मूळ कोडला हात लावायचा नाही, म्हणून पुढची आवृत्ती आली की अपग्रेड करता येतं. पण मला त्यांची त्याहून आवडलेली गोष्ट वेगळी आहे, २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत त्यांनी एचआर-पेरोल आणि भारतातल्या जीएसटीचा भाग मूळ प्रोग्राममधून काढून वेगळे ॲप केले. म्हणजे इतकी वर्षं पोटात वाढलेली गोष्ट बाहेर काढता येते, चालू सॉफ्टवेअरमध्येच काढता येते. तुम्हालाही तेच करायचंय, तेव्हा घाबरू नका. या महिन्यात एक मशीन.

प्रश्न (सोलापूर): दादा, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून पायथनमध्ये मराठी शुद्धलेखन तपासणारं टूल करतेय. प्रत्येक नियम वेगळं प्लगइन, म्हणजे कुणीही नवीन नियम लिहून टाकू शकेल. प्लगइन्स नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स लोड करते. गाइड म्हणतात हे बरोबर नाही. मग कसं करू?

उत्तर: विषय मस्त निवडलायस, मनापासून सांगतो. फोल्डरची पद्धत डेमोपुरती चालते, पण त्यात कुठली फाइल खरंच प्लगइन आहे, तिला काय लायब्ररी लागते, कितवी आवृत्ती आहे हे काहीच कळत नाही आणि फोल्डरात चुकून पडलेली कुठलीही फाइल चालवली जाते. पायथनमध्ये यासाठी एंट्री पॉइंट्स आहेत. नियम लिहिणारा आपलं नेहमीसारखं पॅकेज करतो, पॅकेजच्या माहितीत लिहितो की तुझ्या टूलच्या अमुक गटात माझा हा क्लास आहे, आणि पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं टूल) इन्स्टॉल झालं की इम्पोर्टलिब-मेटाडेटा वापरून तुला ती यादी आपोआप मिळते. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलची बाहेरची प्लगइन्स याच मार्गाने सापडतात आणि त्यांचा प्लगइन जोडणारा प्लगी नावाचा छोटा भाग वेगळा मिळतो, त्याचा कोड वाच, फार मोठा नाही. जावावाल्यांकडे याच कामाला सर्व्हिसलोडर आहे, जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून.

पण तुझा खरा प्रश्न मला पुढे दिसतोय, तो तू विचारला नाहीस. तुझं प्रत्येक प्लगइन मजकूर घेऊन दुरुस्त मजकूर परत देत असेल तर क्रमावर सगळं अवलंबून राहील. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमाने शब्द बदलला की अनुस्वाराच्या नियमाला वेगळाच शब्द दिसणार. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर, म्हणजे मजकूर बदलणारी फंक्शन्स, असेच साखळीने चालतात, त्याला प्रायॉरिटीचा आकडा असतो, काही सांगितलं नाही तर १०, आणि मग माझं आधी की तुझं आधी यासाठी लोक ९ आणि ११ आणि ९९९ घालत बसतात. तू तसं करू नकोस. प्लगइनने मजकुराला हातच लावायचा नाही, फक्त सूचना परत करायच्या, कितव्या अक्षरापासून, किती अक्षरं, काय असावं आणि कोणत्या नियमाने. सगळ्यांना तोच मूळ मजकूर मिळेल. एकाच शब्दावर दोन सूचना आल्या तर काय करायचं ते तुझा गाभा ठरवेल किंवा वापरणाऱ्याला दोन्ही दाखवेल. देवनागरीत एक पथ्य, जागा मोजताना कोडपॉइंट (कॉम्प्युटर साठवतो ते सुटे युनिकोड घटक) मोजायचे की दिसणारी अक्षरं हे करारात पहिल्याच दिवशी लिहून टाक, "क्षि" दिसायला एक अक्षर पण कोडपॉइंट चार आहेत, हे न ठरवता पुढे गेलीस तर प्रत्येक प्लगइनच्या लाल रेघा वेगळ्याच जागी उमटतील.

प्रश्न (पुणे): आमचं डॉटनेटमधलं डेस्कटॉप ॲप आहे, बाहेरचे डेव्हलपर प्लगइन डीएलएल (तयार कोडची फाइल) देतात. प्रत्येक कॉलला ट्राय-कॅच (एरर पकडायची सोय) घातलाय तरी अधूनमधून पूर्ण ॲप अडकतं. शिवाय कधीकधी "अमुक टाइपचं अमुक टाइपमध्ये रूपांतर होत नाही" अशी एरर येते, दोन्हीकडे नाव तेच!

उत्तर: दुसरं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुमचा कराराचा डीएलएल दोनदा लोड होतोय, एकदा तुमच्या ॲपकडून आणि एकदा प्लगइनने आपल्या फोल्डरात आणलेली प्रत वेगळ्या लोड काँटेक्स्टमधून, म्हणजे डीएलएल लोड करायच्या वेगळ्या कप्प्यातून. नाव तेच असलं तरी रनटाइमसाठी ते दोन वेगळे टाइप आहेत. कराराचा डीएलएल फक्त मुख्य ॲपमधूनच मिळेल असं करा, प्लगइनच्या काँटेक्स्टने तो स्वतः शोधूच नये, आणि प्लगइनवाल्यांना सांगा की तो सोबत कॉपी करू नका.

अडकण्याला ट्राय-कॅच पुरणार नाही. अनंत लूपमध्ये गेलेलं प्लगइन एक्सेप्शन टाकतच नाही, मेमरी खाणारंही नाही, आणि नेटिव्ह कोडमध्ये कोसळलं तर तुमच्यासकट जातं. वेगळा असेंब्ली लोड काँटेक्स्ट म्हणजे सुरक्षेची भिंत नाही, त्याने फक्त आवृत्त्या वेगळ्या राहतात आणि डॉटनेट कोअर ३.० पासून अनलोड करायची सोय झाली. बाहेरच्या माणसाचा कोड चालवायचा तर वेगळी प्रोसेस हाच माझा सल्ला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये एक्स्टेन्शन्स (त्यांची प्लगइन्स) एक्स्टेन्शन होस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, ती कोसळली तरी तुम्ही टाईप करत असता ती खिडकी जिवंत राहते. किंमत अशी की प्लगइनला तुमच्या खिडकीतली बटणं थेट हलवता येत नाहीत, सगळं मेसेज पाठवून मागावं लागतं, आणि प्रत्येक मेसेजला तुम्ही टाइमआउट लावायचा.

ही किंमत आत्ताच द्या, नंतर फार महाग पडते. फायरफॉक्सच्या जुन्या ॲडऑन्सना ब्राउझरच्या आतलं जवळपास काहीही बदलता यायचं, त्यामुळे अफाट सुंदर गोष्टी तयार झाल्या, पण ब्राउझरचं आतलं काहीही बदलायचं म्हटलं की कुठलं तरी ॲडऑन मोडायचं, आणि अनेक प्रोसेसमध्ये विभागायचं काम तर त्याने फारच अवघड करून ठेवलं. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने ती जुनी पद्धत बंदच केली. लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली कितीतरी ॲडऑन्स त्या दिवशी गेली. मला मोझिलाचा निर्णय बरोबर वाटतो, पण ज्यांनी ती लिहिली होती त्यांचं वाईटही तेवढंच वाटतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमच्या भूगोल विभागात एका माजी विद्यार्थ्याने विहिरींच्या पाणीपातळीचे नकाशे काढायला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं प्लगइन केलं होतं. २.१८ वर छान चालायचं. नवीन कॉम्प्युटरवर नवीन क्यूजीआयएस टाकलं तर "विसंगत" म्हणून दाखवतं. त्यातल्या फाइलमधला आवृत्तीचा आकडा बदलला तरी एरर. काय करावं?

उत्तर: मॅडम, तो आकडा बदलून चालणार नाही, तो आकडा तुम्हाला वाचवत होता. प्रत्येक प्लगइनच्या मेटाडेटा फाइलमध्ये कमीत कमी कुठल्या आवृत्तीवर चालेल ते लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त लिहिलं नसेल तर क्यूजीआयएस तीच मोठी आवृत्ती धरतं, म्हणजे दोनचं तीनमध्ये चालवतच नाही. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० आलं तेव्हा पायथन दोनचं तीन झालं, खिडक्या-बटणांची क्यूटी लायब्ररी चारची पाच झाली आणि बरेच क्लासही बदलले, लेयरची (नकाशाच्या थरांची) नोंद ठेवणारा एक क्लास तर काढून त्याचं काम प्रोजेक्टच्या क्लासकडे दिलं. तुमचं प्लगइन बहुतेक तिथेच अडत असणार.

एखादा पायथन येणारा विद्यार्थी बसवा, पण त्याला नुसतं "चालू करून दे" म्हणू नका. पाणीपातळीचं गणित आधी वेगळ्या साध्या पायथन फाइलमध्ये काढायला सांगा, ज्यात क्यूजीआयएसचं नावही येणार नाही. उरलेलं बटण, मेनू, लेयर घेणं-देणं हे पातळ कवच, तेवढंच पुढच्या मोठ्या आवृत्तीला पुन्हा बदलावं लागेल. ते कवचही क्यूजीआयएसमधल्याच प्रोसेसिंग नावाच्या भागातल्या टूलच्या रूपात केलंत तर बरं, खिडक्या-बटणं क्यूजीआयएसच करून देतं आणि तुमचा कोड आणखी कमी होतो.

आणि जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर कृपा करून तो आत्ताच कुणाला देऊ नका. त्यावर २.१८ मध्ये एका वर्षाच्या विहिरींचा डेटा टाकून निकालाची फाइल काढून ठेवा, नव्या प्लगइनमध्ये तोच डेटा टाकून आकडे जुळवून बघा आणि फरक आला तर विहिरीनुसार शोधा. पायथन दोनमध्ये पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की अपूर्णांक उडायचा, तीनमध्ये उडत नाही, त्यामुळे जुनेच नकाशे थोडे चुकलेले निघाले तरी नवल नाही.