झोप लागताना हात मोठे झाल्यासारखे आणि खोली लांब गेल्यासारखी का वाटते? मला वेड लागतंय का?

नाही. तुम्ही लिहिलंय की आडवं पडल्यावर पाच-दहा मिनिटांत हात फुगतात, समोरची भिंत दूर सरकते, पंख्याचा आवाज एकदम कानात शिरतो आणि डोळे उघडले की सगळं जागच्या जागी असतं. घरी सांगितलं तर एकानं बाहेरची बाधा म्हटलं, दुसऱ्यानं डोक्याच्या डॉक्टरकडे जा म्हटलं. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर आहे, पाच एकर वावर आहे. पण हे मला आठवीत असल्यापासून होतं, आणि तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय.

पहिल्यांदा झालं ते जागलीवर. हरभरा घाट्यावर आला होता, रानडुकरं रात्रीतून धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ करायची, म्हणून बाबांसोबत मचाणावर झोपायला गेलो होतो. थंडी होती. गोधडीत उताणा पडलो होतो, हात पोटावर. डोळा लागता लागता बोटं जाड होत गेली, आधी दोडक्याएवढी, मग केळीच्या खांबाएवढी. जीभ तोंडात मावेना. बाबा हातभर अंतरावर बिडी ओढत होते, पण त्यांचं खोकणं दुसऱ्या गावाहून आल्यासारखं वाटलं, आणि बिडीचा तो लाल ठिपका इतका लांब गेला की तारा की बिडी कळेना. मी घाबरून उठून बसलो. हात हाताएवढेच होते. सकाळी आजीला सांगितलं. तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. पुढे दोन महिने काही झालं नाही, त्यामुळे त्या उताऱ्याचा मान आमच्या घरात अजून टिकून आहे.

आता हे होतं कसं. डोळे, कान, कातडी यांच्याकडून येणारी बहुतेक खबर मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागातून वर जाते. झोप येऊ लागली की हा भाग आधी मंदावतो. 2010 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उपचारासाठी मेंदूत तारा बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांवर हे मोजलं. थॅलॅमस शांत झाल्यावरही मेंदूचा वरचा थर कित्येक मिनिटं चालू राहत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर जागल्या आधी झोपतो आणि घरधनी जागाच असतो. बाहेरची खबर तुटली, पण आतला हिशेब सुरूच. मग तो अंदाजानं चालतो.

हातच का फुगतात, पाठ का नाही? मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. 1930च्या दशकात कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला हलका विजेचा स्पर्श करून कुठे काय जाणवतं ते विचारत, त्यातून हा नकाशा उभा राहिला. त्यात पाठ आणि मांडी यांना गुंठाभर जागा, आणि बोटं, ओठ, जीभ यांना एकरच्या एकर. जागेपणी आपण हलत असतो, बोट उशीला लागतं, कोपर बाजेला टेकतं, आणि खरं माप मेंदूला सतत कळत राहतं. निश्चल पडलो की ती खबर आटते. तेव्हा जो भाग नकाशात मोठा तोच अंगावरही मोठा वाटू लागत असावा, हा माझा मास्तरी अंदाज धरा. पण दाताच्या डॉक्टरनं सुई देऊन बधिर केलेला ओठ आठवून पाहा. आरशात ओठ जसाच्या तसा असतो, आपल्याला मात्र तो भज्याएवढा वाटतो.

जाग आणि झोप यांच्या मधल्या या पट्ट्याला 1848 साली आल्फ्रेड मोरी या फ्रेंच विद्वानानं हिप्नागॉजिक हे नाव दिलं. यात फक्त फुगणं नसतं. माझी माय दिवसभर कापूस वेचून आली की रात्री म्हणायची, "डोये मिटले का बोंडंच बोंडं दिसतात." तिला वाटायचं डोळे बिघडले. अमेरिकेत 2000 साली रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटानं लोकांना टेट्रिसचा खेळ रोज खेळायला लावला, तर झोप लागताना त्यांना पडणारे ठोकळे दिसू लागले. त्यात नवं काही लक्षातच राहत नाही असे स्मृतिलोपाचे काही रुग्ण होते. आपण हा खेळ खेळलो हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांतल्या काहींना ठोकळे दिसलेच. मायच्या बोंडांचा हिशेब मला तिथे लागला.

आवाजाचीही एक तऱ्हा आहे. आमच्याकडे डुकरं हाकायला सुतळी बॉम्ब फोडतात. एका रात्री अगदी कानाशी धाडकन आवाज झाला. सकाळी शेजारच्या वावरवाल्याला विचारलं, काऊन रे, रात्री कितीकदा फोडला? तो म्हणे, "मी त घरीच होतो गुरुजी." डोक्यातल्या डोक्यात होणाऱ्या या स्फोटाचं वर्णन अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी 1876 सालीच केलेलं आहे. दुखत नाही, इजा होत नाही, फक्त काळीज तोंडाशी येतं. पायरी चुकल्यासारखं दचकून उठणं तर बहुतेकांना ठाऊक असतं. आणि जाग आली पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, ते पुढचं प्रकरण. त्यात स्वप्नाच्या झोपेतला लुळेपणा जाग आल्यावरही क्षणभर रेंगाळतो. गावात त्यावर कितीतरी मांत्रिकांचं पोट चाललं आहे.

जाता जाता, आमचे आबाजी जागलीला डोळा लागू नये म्हणून हातात दगड धरून बसत आणि खाली टिनाचा डबा ठेवत. पेंग आली की दगड डब्यावर. एडिसनबद्दलही असंच सांगतात, फक्त त्याच्या हातात पोलादी गोळे असत आणि त्याला डुकरं नाही, कल्पना पकडायच्या होत्या. 2021 साली पॅरिसमध्ये हे खरोखर तपासलं. लोकांना सोडवायला दिलेल्या गणितात एक सोपी आडवाट लपवली होती. या पहिल्या डुलकीत निदान 15 सेकंद गेलेल्यांपैकी 83 टक्क्यांना ती सापडली, जागेच राहिलेल्यांपैकी 30 टक्क्यांना. आबाजींना काय सुचायचं कोणास ठाऊक, हरभरा मात्र वाचायचा.

तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण लहान मुलांत हे बरंच दिसतं, तापात विशेष. माझी मुलगी तिसरीत असताना तापात म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढुसे का झाले?" मी तर गारच पडलो. डॉक्टरांनी तिचा ताप बघितला आणि मला विचारलं, घरात कोणाला अर्धशिशी आहे का? तिच्या आईला आहे. वस्तू लहानमोठ्या दिसण्याच्या या प्रकाराला 1955 साली जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम असं नाव दिलं, आणि अर्धशिशीशी त्याचा जवळचा संबंध आहे. ताप उतरला, मुलीचे बाबा पुन्हा पुरेसे मोठे झाले.

माझ्यापुरतं सांगायचं तर पाणी ओलायच्या दिवसांत हे वाढतं. शेतीची लाइन पाळीनं रात्री येते, दोन वाजता मोटर चालू करायला जायचं आणि सकाळी शाळा. चार रात्री झोप मोडली की पाचव्या रात्री हात फुगणारच. हात मोठे झाले की मी अंगठा तर्जनीवर घासतो. खबर पोचते, माप जागेवर येतं. कधीकधी नाहीही घासत, मजा वाटते म्हणून पडून राहतो.

पण दवाखान्यात कधी जायचं हे नीट वाचा. दिवसा, पूर्ण जागेपणी असं होऊ लागलं, सोबत झटके येत असतील, डोकं फार दुखत असेल किंवा नवी गोळी सुरू केल्यावर हे आलं असेल, तर दाखवा. दिवसा अनावर झोप येते आणि हसताना गुडघे ढिले पडतात, असं असेल तरी दाखवा. फवारणी करून आल्यावर अंधुक दिसणं, तोंडाला लाळ, घाम, मळमळ असेल तर ते झोपेचं नाही, विषबाधा आहे. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात 20हून अधिक माणसं फवारणीनं गेली, म्हणून असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका. आणि जमिनीवर झोपून उठल्यावर पापण्या जड, एकाचे दोन दिसतात, घोट गिळवत नाही, पोट दुखतं, असं असेल तर मण्यारीचा संशय घ्या. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. उतारा नको, मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना. मी स्वतः बाजेवर मच्छरदाणी खोचून झोपतो, ती डासांपेक्षा मण्यारीसाठीच.

यातलं काही नसेल तर तुम्हाला होतंय ते मला होतं तेच. मागच्या हिवाळ्यात जागलीवर बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं, तीस वर्षांनी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले वाटे का मलेच होते. मायी त जीभ उशीएवढी होते."