ब्लिबडूलपूल्प ही देवी खरी मानावी की कुओ-टोआंचा भ्रम?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनारम्य भूमिका-खेळामध्ये कुओ-टोआ जिला भजतात ती ब्लिबडूलपूल्प खरी देवता समजावी की त्यांच्या डोक्यातले खूळ, असे आपण विचारले आहे. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलप्रमाणे, म्हणजे खेळातल्या राक्षस-प्राण्यांच्या अधिकृत पुस्तकाप्रमाणे, खेळत असाल, तर दोन्ही. आणि या देवीची सगळी गंमत त्यातच आहे.

कुओ-टोआ ही अंडरडार्कमध्ये, म्हणजे भूगर्भातल्या अंधाऱ्या जगात राहणारी मत्स्यमानवांची जमात. माइंड फ्लेअर नावाच्या, दुसऱ्यांच्या मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांनी त्यांना गुलाम केले आणि त्यांच्या मनोशक्तीच्या माऱ्याने अख्ख्या जमातीची बुद्धी कायमची फिरली. अशा या लोकांना कधीतरी मानवी स्त्रीचा एक भग्न पुतळा सापडला असावा, त्याच्या तुटलेल्या डोक्याच्या आणि हातांच्या जागी कोणीतरी शेवंडीसारख्या महाकाय प्राण्याचे डोके नि नांग्या बसवल्या असाव्यात, आणि त्यालाच ते ‘समुद्रमाता’ म्हणून पुजू लागले असावेत, असा तर्क पुस्तकात दिला आहे. आपल्याकडे शेंदूर फासला की दगडाचा देव होतो म्हणतात. इथे तो अक्षरशः होतो, कारण पुरेशा कुओ-टोआंची श्रद्धा जडली की त्यांच्या सामूहिक अंतर्मनाच्या बळावर देव सदेह प्रकट होऊ शकतो. १९७८ साली या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेल्या साहसकथेत (खेळायच्या तयार कथानकात) ब्लिबडूलपूल्प आली तेव्हा मात्र ती इतर देवतांसारखीच देवता होती, त्यामुळे जुन्या नियमांनी खेळणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

आम्ही सांगलीत पाच जण खेळतो. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी व्यक्ती, या नात्याने मी गणपतीतून उरलेल्या शाडूच्या मातीची वीतभर, बिनडोक्याची बाई घडवली आणि बाजारातून आणलेल्या खेकड्याच्या नांग्या तिच्या खांद्यांत रोवल्या. (दुसऱ्या दिवशी वास सुटल्यावर आईने देवीची रवानगी अंगणात केली.) ती काय आहे हे मी सांगितले नाही. एकीने मूर्ती हातात फिरवून खांद्याचा सांधा ओळखला आणि खेळात ती पुजाऱ्यांसमोर फोडायची, म्हणजे भक्तीच संपेल, असे सगळ्यांनी ठरवले. मूर्ती फुटली; कुओ-टोआ छाती पिटून आईचा धावा करू लागले आणि तळ्यातून खरी नांगी वर आली.

तेव्हा तिची ताकद आधी ठरवून ठेवू नका. तिला मानणारे किती उरले आहेत, एवढाच हिशेब कागदावर ठेवा. भक्त निम्म्यावर आले की तिची एक नांगी गळून पडेल, असे मी ठरवले होते. ती वेळ आली नाही, कारण आमची मंडळी त्याआधीच होडी सोडून पळाली.