फिजिओथेरपिस्ट पीएनएफमध्ये (स्पर्श, ताण अशा संकेतांनी स्नायूंना चालना देणाऱ्या व्यायामपद्धतीत) हात सरळ न उचलता तिरका का फिरवायला लावतात?

कारण रोजच्या हालचाली सहसा सरळ रेषेत होतच नाहीत. खांद्यावर पदर घेताना, सीटबेल्ट ओढताना हात तिरका जातो आणि सोबत वळतोही. 1940 च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कॅबट यांनी फिजिओथेरपिस्ट मार्गारेट नॉट यांच्यासह ही पद्धत घडवली, तेव्हा रुग्ण बरेचसे पोलिओचे होते. थेरपिस्ट तळहाताने विरोध देत 'ढकला, अजून ढकला' म्हणतो ते उगाच नाही. स्पर्श, ताण, आवाज हे सगळे संकेत मिळून अशक्त स्नायूला जागं करतात. आखडलेल्या स्नायूसाठी युक्ती वेगळी: ताणलेल्या स्थितीतच 5-6 सेकंद थेरपिस्टच्या हाताविरुद्ध जोर लावायचा, मग सैल सोडून थोडं पुढे ताणायचं. यूट्यूब बघून पक्षाघाताच्या रुग्णाचा हात मात्र ओढू नका, खांदा सांध्यातून थोडा निसटलेला असू शकतो.